वेताळाचं १/६ रेझिन किट: सांधे, जांभळा रंग आणि चड्डीवरचे पट्टे

गुहावासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंद्रजाल कॉमिक्समधल्या आपल्या वेताळाचं (म्हणजे फँटमचं) रेझिन किट जोडायला घेतलंय. माप १/६, म्हणजे उभा केल्यावर साधारण ३० सेंमी. भाग असे: डोकं (टोपडं आणि मुखवट्यासह), चड्डी आणि कमरपट्ट्यासकट धड, खांद्यापासून दोन हात, मांडीपासून दोन पाय, दोन होल्स्टर, दोन पिस्तुलं आणि खडकाचा बेस. उजवा पाय खडकावर टेकलेला आहे, त्यामुळे जवळजवळ सगळं वजन डाव्या घोट्यावर येतं.

डावा पाय घोट्याशी थोडा आत वळलेला आहे. खांद्याच्या आणि मानेच्या सांध्यात १ मिमीच्या आसपास फट राहते. पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा) आहे, ०.३ मिमी सुईचा, पण एवढा मोठा जांभळा भाग सपाट न दिसता कसा रंगवायचा ते कळत नाही. चड्डीवरचे पट्टे मास्क करून, म्हणजे बाकी भाग टेपने झाकून मारावेत की ब्रशने? शिवाय रत्नागिरीत सध्या पावसाळा. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि वार्निश मारायला थांबावं का?

वॉटरपेपर

आधी एक गोष्ट बघून घ्या: किट ओतीव आहे की थ्रीडी प्रिंट? दोन्हींना लोक रेझिनच म्हणतात, पण पुढचं काम वेगळं होतं. ओतीव भागावर साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण दिसते आणि रेझिन ओतलं त्या जागी जाड खुंट असतो. प्रिंटवर उजेडात तिरपं धरल्यावर बारीक थर दिसतात आणि आधाराच्या काड्यांचे ठिपके असतात. प्रिंट आतून पोकळ असेल आणि आतलं ओलं रेझिन नीट धुतलेलं नसेल, तर काही महिन्यांनी ते रंगाखालून पाझरतं, भाग तडकतोही. वर्णनावरून तुमचं ओतीव वाटतं, पुढचं त्याच हिशोबाने लिहितो.

वेताळाचं किट दिसायला सोपं, पण तयारीच्या बाबतीत सगळ्यात कडक. पोशाख अंगाला घट्ट, झगा नाही, कॉलर नाही, आणि डोक्याचं टोपडं मानेवरून खांद्यात सलग उतरतं. बाकीच्या नायकांच्या मानेचा सांधा कॉलरखाली जातो, इथे तो उघडाच असतो. म्हणून डोकं आणि हात रंगाआधीच चिकटवा, सांधे पूर्ण बुजवा आणि चेहरा नंतर मास्क करून रंगवा. पायांचं तसं नाही. मांडीचा सांधा बहुतेक किटमध्ये चड्डीच्या कडेवर येतो, तिथे मुळातच रेघ हवी असते. पाय शेवटपर्यंत सुटे ठेवता येतात आणि रंगवायलाही बरे पडतात. पिस्तुलं, होल्स्टर अर्थात सुटेच.

क्रम असा ठेवा.

धुणं. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं सिलिकॉन पृष्ठभागावर राहतं, आणि नंतर रंग पापुद्र्यासारखा निघतो तो त्यामुळेच. कमरपट्ट्याच्या खाचा आणि बोटांच्या बेचक्या नीट घासा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि यापुढे भाग हातमोज्यांनीच धरा.

वाकलेला पाय. पाणी ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. पाय दोन-तीन मिनिटं बुडवा, काढून हलक्या हाताने सरळ करा आणि त्याच स्थितीत धरून थंड पाण्यात घाला. एका झटक्यात पूर्ण सरळ करायला जाऊ नका, दोन-तीन वेळा गरम करा. सरळ झाला की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं नाही. पाय धडाला टेपने लावून बेसवर उभा करून बघा.

खुंट आणि शिवणी. खुंट रेझर सॉने कापा, भागापासून १ मिमी दूर, उरलेला घासून काढा. पक्कडने तोडू नका, चिरा आत जातात. मग वॉटर पेपर: २४० ने उंचवटा काढायचा, ४०० ने ओरखडे, शेवटी ६००. सगळं ओलं. पॉलियुरेथेनची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट, नुसत्या कापडी मास्कने भागत नाही. एन ९५ वापरा आणि पाणी बेसिनमध्ये न ओतता धूळ खाली बसू द्या, मग वरचं पाणी काढून गाळ कचऱ्यात टाका.

बुडबुड्यांची भोकं. वर दिसतं टाचणीएवढं, खाली पोकळी मोठी असते. वरून नुसती लांबी (पुट्टी) फिरवली तर ती पातळ कड प्रायमरनंतर खचते. म्हणून ०.८ किंवा १ मिमीच्या ड्रिलने आधी तोंड मोठं करा. फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून घट्टसर करा, टोकदार काडीने भरा आणि तासाभरात घासा. खाण्याचा सोडाही चालतो, तो क्षणात धरतो, पण दगडासारखा कडक होतो. तुमच्या पाठीवरच्या पातळ भोकांसाठी पावडरच बरी.

रेझिनवर कुठे चिकट, ओलसर ठिगळ लागलं तर तिथे दोन घटकांचं मिश्रण नीट झालेलं नाही. ते कधीच वाळणार नाही. कोरून काढा, एपॉक्सी लांबीने भरा.

स्पोक

वॉटरपेपर दादांनी म्हटलेलं पायाचं काम झालं की लगेच पिनांकडे वळा. या किटमध्ये जीव घोट्यात आहे. पॉलियुरेथेन साधारण ५० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. मे महिन्यात बंद गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत पुतळा ठेवला की स्वतःच्या वजनाने हळूहळू कलतो. गरम पाण्याने सरळ केलेला पाय तर जुन्या आकाराकडे परत जायला बघतो. यावर लोखंडाची पिन हाच इलाज.

पिनेसाठी सायकलची स्पोक घ्या. साधी १४ गेजची स्पोक २ मिमी असते, ताठ असते आणि पंक्चरच्या दुकानात सहज मिळते. पितळी सळईही चालेल, पण घोट्याला नको, पितळ वाकतं. डाव्या टाचेतून वर पोटरीपर्यंत निदान ४ सेंमी आत जाऊ द्या आणि खाली ३ सेंमी बाहेर ठेवा, ती बेसमधून जाईल. भोक २.१ किंवा २.२ मिमीचं, हाताच्या ड्रिलने. मशिनच्या वेगाने रेझिन वितळून बिटला चिकटतं. घोट्याशी जाडी कमी असते, म्हणून आधी १ मिमीचं मार्गदर्शक भोक पाडा, दोन्ही बाजूंनी बघत बघत, मग मोठं करा. बाजूने फुटलंच तर पिन बसवून वरून एपॉक्सी लावा, बूट काळाच आहे, घासल्यावर कळत नाही.

समोरासमोरची भोकं जुळवायला: एका बाजूला भोक पाडून त्याच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका लावा, भाग दाबून बघा, दुसऱ्या बाजूला खूण उमटते. खांद्याला ३ सेंमी लांबीची एक पिन पुरे. मानेलाही एक. मांडीला मात्र प्रत्येकी दोन, नाहीतर पाय पिनेभोवती फिरतो.

चिकटवायला साधं हळू वाळणारं अरल्डाइट, दोन्ही ट्यूब समान. सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग १८० नंबरच्या वॉटर पेपरने खरबरीत करा, गुळगुळीत रेझिनवर काहीच नीट धरत नाही. २४ तास हात लावू नका. फेविक्विक एकट्याने नको. ओढीला ते टिकतं, आडव्या धक्क्याला तडकन सुटतं. भाग जागेवर धरून ठेवायला कडेला एक थेंब लावा, बाकी काम अरल्डाइटचं.

फटीसाठी एम-सील किंवा कुठलीही दोन भागांची एपॉक्सी लांबी. समान मळा, बारीक वळी करा, फटीत दाबा आणि मऊ असतानाच ओल्या बोटाने, ओल्या ब्रशने कड जवळजवळ अंतिम आकारात आणा. हे मुद्दाम सांगतोय, कारण वाळलेलं एम-सील रेझिनपेक्षा कडक असतं. नंतर बोटावर वॉटर पेपर घेऊन घासत बसलात की आजूबाजूचं मऊ रेझिन जास्त झिजतं आणि सांध्याचा वळ तसाच उभा राहतो. घासायचंच तर पेपर रबराच्या तुकड्यावर गुंडाळून. गॅरेजवाल्यांची एन.सी. पुट्टी फक्त ओरखड्यांना. तिच्यातलं थिनर उडालं की ती आकसते, १ मिमीच्या फटीत भरली तर महिन्याने खळगा दिसेल.

रंगपेटी

रंगाचं मी सांगते.

पहिलं म्हणजे छटा. वेताळाचे जनक ली फॉक यांच्या मनात पोशाख करडा होता. दैनंदिन पट्टी १९३६ मध्ये कृष्णधवल सुरू झाली, १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी आली आणि छापताना तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तोच निळा आहे, इटलीत लाल. इंद्रजालवर वाढलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जांभळाच येतो, तोच ठेवा. पण जुन्या अंकातली छटा मोजून उतरवायचा प्रयत्न करू नका. ती स्वस्त कागदावरच्या शाईची आहे, अंकागणिक बदलते, कागद पिवळा पडल्यावर आणखी तपकिरी होते. ३० सेंमीच्या पुतळ्यावर तोच सपाट रंग फार मोठा दिसतो. थोडा गडद, थोडा करडेपणाकडे झुकणारा जांभळा घ्या.

रंग विकत घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक बघा. पीव्ही २३ आणि पीव्ही १९ टिकतात. पीव्ही १ किंवा पीव्ही ३ असलेला जांभळा सुरुवातीला झळाळतो आणि उजेडात काही वर्षांत निळसर राख होतो. जांभळ्याच्या बाबतीत ही काळजी इतर कुठल्याही रंगापेक्षा जास्त घ्यावी लागते.

मिश्रण: व्हायलेट ३ भाग, मॅजेंटा १, पांढरा १. प्लास्टिकच्या चमच्यावर आधी मारून, वाळवून बघा, ओला जांभळा नेहमी उजळ दिसतो. संपूर्ण पोशाखासाठी एकदाच पुरेसा कालवा, झाकणाच्या बाटलीत. तीच छटा दुसऱ्यांदा जुळत नाही, आणि पाय सुटे रंगवणार असाल तर फरक लगेच दिसेल.

सपाटपणा जातो तो प्रायमरपासून. करड्या प्रायमरवर खालून काळा मारा: काखा, मांडीच्या आत, हनुवटीखाली, पट्ट्याच्या खाली. मग वरून ४५ अंशांतून पातळ पांढरा: खांदे, छातीचा वरचा भाग, दंड, गुडघे, टोपड्याचा माथा. आता पुतळा कृष्णधवल फोटोसारखा दिसतो. इथे थांबून तपासा, सांध्यातली उरलेली चूक आत्ताच दिसेल आणि आत्ताच सुधारता येईल. त्यावर जांभळा पातळ थरांत, हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास, १२-१५ सेंमीवरून. पहिल्या दोन थरांत खालचं काळं-पांढरं डोकावलं पाहिजे. चार थरांत झाकून टाकलंत तर आधीचं सगळं काम वाया.

सावलीला काळा नको. मूळ मिश्रण ४ भाग, गडद निळा १ आणि बर्न्ट अंबर अगदी टोकावर मावेल एवढा. काळ्याने जांभळा मेल्यासारखा दिसतो. उजळाला पांढरा नको, त्याने फिकट लव्हेंडर होतं आणि कापडाऐवजी खडू वाटतो. मूळ ३ भागांत त्वचेचा फिकट रंग १ भाग घाला, हवेचा दाब १२ पर्यंत उतरवा, ५-६ सेंमीवरून फक्त स्नायूंच्या वरच्या कडा घ्या. शेवटी मूळ जांभळा थिनरमध्ये एकास आठ करून सगळ्यावर एक हलकी फिरकी. छटा एकमेकींत बसतात.

सीमूर उर्फ साय बॅरी यांनी काढलेला वेताळ डोळ्यांपुढे ठेवला तर उजळ कडा थोड्या ठळक चालतात, कारण त्यांची शाईच जोरकस. विल्सन मकॉय यांचा वेताळ सपाट आणि साध्या रेषेचा आहे, त्याला सौम्य छटा शोभतात. एक ठरवा आणि शेवटपर्यंत तोच धरा.

गुहावासी

मनापासून आभार. रंगपेटीताई, पट्टे जांभळ्याच्या आधी की नंतर? आणि मुखवट्यातल्या डोळ्यांना बुबुळं काढायची का? किटमध्ये डोळे कोरे आहेत.

रंगपेटी

बुबुळं अजिबात नकोत. मुखवट्याआडचे कोरे पांढरे डोळे हीच वेताळाची ओळख. पण शुद्ध पांढरा लावू नका, तो बटणासारखा चमकतो. किंचित करडा मिसळलेला पांढरा, आणि वरच्या पापणीखाली निळसर करड्याची केसाएवढी रेघ. मुखवटा काळा, पण कडेला गडद निळ्याने उजळा.

चेहऱ्याची त्वचा थोडीच दिसते, म्हणून तिच्यावर वेळ घालवा. नाक आणि गालाला लालसर झाक, जबड्यावर अगदी पातळ निळसर करडा. तेलरंग वापरणार असाल तर ते आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवा, जादा तेल शोषलं जातं आणि मॅट वाळतात.

पट्टे जांभळ्यानंतर. जांभळ्याचा फवारा सगळीकडे जातो, त्याचं काम आधी संपवायचं. त्यावर ग्लॉस क्लिअरचे दोन थर, २४ तास सुकू द्या. न सुकलेल्या रंगावर टेप लावली तर छटांसकट उचलून येते. मग चड्डीभोवती मास्किंग, बाकी पुतळा प्लास्टिकच्या पिशवीत. पूर्ण चड्डी आधी निळी करा, काळा नंतर. फिकटावर गडद नेहमी सोपं.

टेप २ किंवा ३ मिमीची, ताणली जाणारी, प्लास्टिकची. कागदी टेप वळणावर चुण्या धरते. १/६ ला ३ मिमी काळा, ३ मिमी निळा हे प्रमाण बरं दिसतं. सुरुवात पुढच्या मधल्या रेषेपासून करा, दोन्ही बाजूंना सरकत जा. गोलावर पट्टे सरळ मोजून चालत नाही, ते मांडीच्या वळणाबरोबर वाकले पाहिजेत. पुढचे आणि मागचे पट्टे कमरेच्या बाजूला भेटताना जुळत नाहीत, आणि तिथेच होल्स्टर येतात. फरक मुद्दाम त्यांच्याखाली ढकला. होल्स्टर आधी कोरडे लावून पेन्सिलीने त्यांची जागा आखून ठेवा.

टेप लावल्यावर कडा नखाने दाबा आणि वरून आधी तोच निळा एकदा मारा. फटीत शिरायचा तो निळाच शिरतो, काळा मग पसरत नाही. काळा पातळ, दोन थर. टेप तासाभरात काढा, टेपवरच टेप दुमडत, हळू. रंग पूर्ण कडक झाल्यावर काढली तर कड करवतीसारखी तुटते. ब्रशने सगळे पट्टे मारू नका, कुठे निसटलं तर दुरुस्तीपुरता ब्रश.

कोकणी वार्निश

रत्नागिरी आणि आषाढ-श्रावण, म्हणून हा वेगळा प्रतिसाद. थांबायची गरज नाही, पण आर्द्रता मोजायचा छोटा मीटर घ्याच. ७० टक्क्यांच्या वर लॅकर (थिनरमध्ये पातळ होणारा रंग) मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. जांभळ्यावर आणि काळ्यावर हे सगळ्यात जास्त दिसतं. सावकाश उडणारं, रिटार्डर असलेलं थिनर वापरलं तर थोडी सवड मिळते. तरीही पांढरं पडलंच तर घासू नका. कोरड्या दिवशी वरून नुसतं तेच थिनर अगदी हलकं फवारा, बहुतेक वेळा उतरतं.

प्रायमर लॅकरचाच घ्या. मिस्टर सरफेसर १००० किंवा गाडीचा करडा स्प्रे, दोन्ही रेझिनला धरतात. पाण्यातले ॲक्रिलिक प्रायमर घासायला गेलं की रबरासारखे गुंडाळून निघतात, आणि या किटमध्ये प्रायमरवर घासणं टळणार नाही. कॅन असेल तर २० ते २५ सेंमीवरून, फवारा पुतळ्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. खिडकी उघडी, बाहेर फेकणारा पंखा चालू, आणि तोंडावर कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क. एन ९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा आणि नळीला पाणी धरणारा सापळा लावा. पावसाळ्यात जांभळ्यावर अचानक येणारे ठिपके नळीतल्या पाण्याचेच असतात.

वाळवायला भाग झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. डब्यात बल्ब लावायची सवय अनेकांना असते. या रेझिनला ती नको, स्पोक दादांनी ५० अंशांचं सांगितलंच आहे.

मॅट वार्निश सगळ्यात शेवटी आणि फक्त कोरड्या दिवशी. बाटली दोन-तीन मिनिटं हलवा, तळाला बसलेली पूड न मिसळता मारलं तर एके ठिकाणी चकचकीत, दुसरीकडे पिठूळ होतं. पिठूळ झालंच तर वरून ग्लॉसचा एक ओला थर द्या, तो पूड पारदर्शक करतो, मग पुन्हा पातळ मॅट. जांभळा पोशाख आणि चड्डी मॅट. बूट, पट्टा आणि होल्स्टर सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचे. डोळ्यांवर ब्रशने ग्लॉसचा एक थेंब. बुटांचा काळा तपकिरी मिसळून करा, चामडं वाटतं. पट्ट्यांचा काळा निळ्याकडे झुकू द्या, म्हणजे एकाच पुतळ्यावर दोन वेगळे काळे दिसतील.

स्पोक

एक राहिलं, अंगठ्या. उजव्या हातात कवटीची, डाव्या हातात रक्षणाच्या चिन्हाची. काही किटमध्ये दोन्ही गुळगुळीत ओतलेल्या असतात, घासताना उरलेला उंचवटाही जातो. म्हणून हात चिकटवायच्या आधी अंगठ्यांवर टेपचा तुकडा लावा. रंगवताना चांदी, वरून खाचांत उतरणारा पातळ काळा वॉश, मग उंच जागी पुन्हा चांदीचा ठिपका. कवटीचे दोन डोळे तीन शून्य नंबरच्या ब्रशने. त्याआधी रंग थोडा घट्ट ठेवा, पातळ असेल तर खाचेत पसरतो. पट्ट्याच्या बकलवरची कवटी मोठी असते, तिला हाच क्रम.

आणि बेसमध्ये पिनेचं भोक रंगाआधीच पाडून, पुतळा एकदा उभा करून बघा. रंगल्यावर पाय दाबून बसवायला गेलात तर जोर घोट्यावरच येतो.